पावती मागा, पावती दाखवा



गेल्या महिन्यांत शाळा सुटल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले. पिरंगुटच्या बाजूचें भातशेतीचें घराणें. दोन्ही मुलें माझ्या हाताखालून गेलेलीं. गांवांत सारे त्यांना तात्या म्हणतात. हातांतली पिशवी त्यांनीं टेबलावर रिकामी केली आणि म्हणाले, "गुरुजी, सगळा टॅक्स वेळच्या वेळीं भरला, तरी नोटीस आली. हें काय आहे तें आतां तुम्हींच वाचून सांगा."

पिशवींत दोन कागद मुख्य होते. एकावर 'गांव नमुना आठ अ', दुसऱ्यावर 'ग्रामपंचायत नमुना आठ'. दोहोंवर आठ, म्हणून दोन्ही एकाच कचेरीचे व एकाच कामाचे, अशी तात्यांची समजूत. या दोन आठांतला फरक न कळल्यामुळें एका कष्टाळू माणसाचे किती पैसे गेले, आणि त्यानें दुसऱ्यांचे किती घेतले, याचा हिशेब त्या संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं मांडला. तात्यांच्या परवानगीनें, नांवगांव वगळून, तो आपल्यापुढें ठेवतों. कारण आज मुळशी तालुक्यांत असे तात्या घरोघर आहेत.

हिंजवडी-माणला संगणकाच्या कंपन्या आल्या, पिरंगुटकडे कारखाने उभे राहिले, आणि भाताच्या खाचरांच्या कडेला खोल्यांच्या रांगा लागल्या. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, बिहारमधून आलेला कामगार, रखवालदार, ड्रायव्हर त्या खोल्यांत राहतो. कालचा कुळवाडी आज घरमालक झाला. यांत वाईट कांहीं नाहीं. पण नांगर धरण्याची विद्या बापानें शिकविली. घरमालकीची विद्या कोणींच शिकविली नाहीं. आणि जेथें आपली विद्या संपते, तेथें दुसऱ्याची कमाई सुरू होते.

प्रथम पहिला आठ. 'गांव नमुना आठ अ' हा तलाठ्याच्या दप्तरांतला कागद. तलाठ्यांना आतां ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे, पण दप्तर तेंच. एका खातेदाराची त्या गांवांत एकंदर किती जमीन, आणि तिच्यावर सारा किती, हें या कागदावर असतें. हा पैसा राज्य सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा त्याचा कायदा. जमिनीचा वापर कसा आहे, त्यावर आकारणी ठरते: शेतीस एक, राहण्यास दुसरी, धंद्यास व कारखान्यास आणखी वेगळी. शेतीचा सारा जुन्या जमाबंदीवरचा, म्हणून आजच्या मानानें अगदीं थोडा. ती जमाबंदीची पद्धत आपल्याच जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांत, १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनीं सुरू केली आणि मग सगळ्या मुंबई इलाख्यांत पसरली. साऱ्याच्या पावतीवर आणखी दोन रकमा असतात. एक जिल्हा परिषदेचा उपकर, दुसरा ग्रामपंचायतीचा उपकर. ग्रामपंचायतीचा उपकर साऱ्याच्या रुपयाला शंभर पैसे. जिल्हा परिषदेचा त्यावर निराळा. म्हणजे मूळ साऱ्यापेक्षां उपकरच मोठे होतात. तात्यांना हेंच कळेना कीं सारा इतका थोडा, मग पावती एवढी कशी? उत्तर त्या दोन ओळींत होतें. त्या त्यांनीं कधीं वाचल्याच नव्हत्या.

शेतांत खोल्या बांधल्या कीं त्या तुकड्याचा वापर शेतीचा राहत नाहीं. त्याला बिनशेती म्हणतात, आणि त्याची आकारणी चौरस मीटरच्या हिशेबानें होत आली आहे. गेल्या दहाबारा वर्षांत सरकारनें बिनशेतीच्या परवानगीचे नियम वेळोवेळीं सैल केले. पण परवानगीची खटपट सुटली म्हणजे देणेंहि सुटलें असें समजूं नये. आपल्या गटाला आज कोणता नियम लागू आहे, देणें किती आणि एकदांच कीं दरसाल, हें तलाठ्याकडे लेखी अर्ज करून विचारावें व उत्तरहि लेखी घ्यावें. तोंडचें उत्तर वाऱ्यावर जातें.

आतां दुसरा आठ. 'ग्रामपंचायत नमुना आठ' ही घरपट्टीची आकारणी नोंदवही. हा पैसा गांवाचा. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणून १९५८ सालीं झालेला व आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा हा त्याचा आधार. त्यांतली एक गोष्ट प्रत्येकानें गांठीस बांधावी. शेतसारा भरणाऱ्या मोकळ्या जमिनीवर पंचायत घरपट्टी लावूं शकत नाहीं. पण इमारत शेतांत असली तरी तिच्यावर लावूं शकते. "आमच्या खोल्या गांवठाणाबाहेर आहेत, सारा भरतों, मग घरपट्टी कसली?" हा वाद पुष्कळ जण घालतात. तो टिकत नाहीं. सारा जमिनीचा, घरपट्टी इमारतीची. बैल आणि गाडी एकाच मालकाचीं असलीं तरी बैलाची वैरण गाडीला लागत नाहीं आणि गाडीचें वंगण बैलाला लागत नाहीं.

घरपट्टी ठरते कशी? पूर्वीं क्षेत्रफळावर होती. ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनीं ती भांडवली मूल्यावर आली. रीत अशी: इमारतीचें क्षेत्रफळ गुणिलें जमिनीचा सरकारी दर, ही एक रक्कम. क्षेत्रफळ गुणिलें बांधकामाचा दर, त्यांतून इमारतीच्या वयाप्रमाणें घसारा, ही दुसरी. दोहोंची बेरीज करून तिला वापराप्रमाणें भार लावावयाचा. राहण्याच्या वापरास १, धंद्यास त्याहून जास्त. जें मूल्य निघेल त्याच्या दर हजार रुपयांवर पंचायतीनें ठरविलेल्या पैशांनीं कर.

चौथीच्या मुलासहि जमेल असें गणित करूं. आंकडे समजुतीसाठीं धरलेले आहेत. दहा खोल्या, प्रत्येकी १० चौरस मीटर, एकूण १००. जमिनीचा दर चौरस मीटरला ३,००० रुपये धरला, तर ३ लाख. बांधकामाचा दर १५,००० धरून घसारा वजा जातां १३,५०० राहिले, तर साडेतेरा लाख. बेरीज साडेसोळा लाख. भार १. दर हजारीं १५० पैसे धरला, तर १,६५० गुणिलें दीड, म्हणजे २,४७५ रुपये. ही दहा खोल्यांची वर्षाची घरपट्टी. बिलावर दिवाबत्ती, आरोग्य व पाणी यांच्या ओळी निराळ्या असतात. त्या मिळून साडेतीन हजार धरल्या, तरी एकूण रक्कम सहा हजारांच्या आंत. तात्यांच्या बिलाचा आंकडाहि एका वर्षाला सहा हजारांच्या आसपासच होता.

आणि तात्या दरसाल देत होते नऊ हजार! पंचायतीला नव्हे. "तात्या, तुम्ही कशाला हेलपाटे घालतां, सारा, घरपट्टी, बिनशेती, सगळा टॅक्स मी करून देतों," असें म्हणणाऱ्या एका मध्यस्थाला. पावती एकाहि वर्षाची नाहीं. मागितली तर, "ऑनलाइन आहे, दिसेल," हें उत्तर. दिसली ती दोन वर्षांच्या थकबाकीची नोटीस. घरपट्टी थकली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊं शकते, जप्तीहि येऊं शकते. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें तें असें.

आपल्या आज्यापणज्यांना हा अनुभव नवा नाहीं. गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं, आणि अक्षर त्याच्याच बोटांत. रयतेनें किती भरलें हें तोच लिही व तोच वाची. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत कुलकर्णी वतनें बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, तें याचसाठीं. पुढें १९५१ सालीं मुंबई राज्यांतहि तीं वतनें गेलीं. पण वतन गेलें म्हणून अज्ञान गेलें काय? गादी मोकळी राहिली, तिच्यावर मध्यस्थ बसला. तो कोणत्याहि जातीचा असूं शकतो. पुष्कळदां आपल्याच भावकींतला असतो. आतां दप्तर कोणाच्या घरीं नाहीं, हातांतल्या मोबाइलवर आहे. सातबारा फुकट पाहतां येतो, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. तरीहि आम्ही नऊ हजार देऊन न वाचलेलेच राहतों, याला आतां कुलकर्ण्याला दोष देऊन भागणार नाहीं.

याहून मोठा घोटाळा पुढें निघाला. मीं विचारलें, "तात्या, सातबारा कोणाच्या नांवें?" ते म्हणाले, "माझ्याच. हें काय, नांव छापलेलें आहे." नांव छापलेलें होतें तें घरपट्टीच्या नमुना आठवर! सातबारा पाहिला, तर अजून बारा वर्षांपूर्वीं वारलेल्या वडिलांचेंच नांव. वारसनोंद झालीच नव्हती. एक भाऊ, दोन बहिणी. त्यांचा हक्क जसाच्या तसा उभा. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नव्हे. पंचायत कर घेते तो इमारत उभी आहे म्हणून. ती कोणाची, परवानगीची कीं बिनपरवानगीची, याचा निवाडा त्या पावतीनें होत नाहीं. सातबाऱ्याची नोंददेखील उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरली जाते. महसुलाच्या नोंदीनें मालकी जन्मत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें अनेक निकालांत सांगितलें आहे. मालकी खरेदीखतानें, वाटणीपत्रानें, वारसाहक्कानें येते. नोंद ही तिची सावली. पण सावलीच नसली तर माणूस उभा आहे हें दाखवितांना जन्म जातो, हेंहि तितकेंच खरें.

मुळशीकरांना हें सांगावें लागावें याचें वाईट वाटतें. १९२१ सालीं याच मुळशी पेट्यांत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांत पुढें होते. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. नुकसानभरपाईची वेळ आली, तेव्हां खाचरांत ज्याच्या पिढ्या राबल्या त्याचें नांव कोठें आहे हें कोणीं विचारलें नाहीं; कागदावर कोणाचें आहे हें विचारलें. आणि कित्येक जमिनींच्या कागदावर सावकार होता. आज रस्ते, वसाहती, कारखाने यांसाठीं या तालुक्यांत जमिनींचे व्यवहार रोज होतात. शंभर वर्षांपूर्वींचा धडा ज्या तालुक्याच्या तळ्यांत बुडालेला आहे, त्यानें तरी कागदाची हेळसांड करूं नये.

येथवर तात्या माझ्याकडे फसलेला माणूस म्हणून बसले होते. मग मीं त्यांची भाड्याची वही मागितली. प्रत्येक खोलीपुढें भाडें, वीज, आणि त्याखालीं 'टॅक्स २००'. दर महिन्यास, दर खोलीस. दहा खोल्या, बारा महिने: २४,००० रुपये. आणि पंचायतीचें बिल सहा हजार! मध्यस्थाचे नऊ हजार धरले तरी पंधरा हजार तात्यांच्या खिशांत, तेहि 'सरकारचा टॅक्स' या नांवानें. भाडेकरूंना पावती नाहीं, बिलाची नक्कल नाहीं. एकानें विचारलें होतें म्हणे. त्याला सांगितलें, "परवडत नसेल तर खोली सोड."

मीं कांहीं बोललों नाहीं. वही त्यांच्यापुढें सरकविली, शेजारीं बिल ठेवलें. तात्या बराच वेळ दोन्ही कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "सगळेच घेतात, गुरुजी." तें खरें आहे, आणि म्हणूनच मी हें लिहावयास बसलों.

बंधूंनो, राग येऊं द्या, पण ऐका. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं सरकारच्या वसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो आणि रयतेच्या पोरांच्या शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष होतें. करापोटीं घ्यावयाचें एकाकडून आणि त्याचें फळ द्यावयाचें दुसऱ्याला, या अन्यायावर त्यांचें बोट होतें. तोच अन्याय आज आपल्या अंगणांत, आपल्या वहींत, आपल्या अक्षरांत होत असेल तर? परभणीहून आलेला मजूर जातीनें, कष्टानें, गरिबीनें आपलाच भाऊ आहे. तो घरमालकाला कर म्हणून पैसे देतो आणि तो कर गांवाच्या गटारापर्यंत, दिव्यापर्यंत, नळापर्यंत पोंचत नाहीं. आपल्याकडून कोणी जास्त घेतला तर ती लूट, आणि आपण घेतला तर ती चाल? आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा!

कोणी म्हणेल, घर माझें, भाडें मी ठरवीन. अवश्य ठरवा. भाडें दोनशेंनीं वाढवावयाचें असेल तर उघड भाडें म्हणून वाढवा. पण जो कर नाहीं त्याला कर म्हणूं नका. कर हा शब्द गांवाचा आहे. त्याच्या नांवावर घेतलेला पैसा गांवाकडेच गेला पाहिजे. भाडेकरूकडून घरपट्टी घ्यावयाची तर करारांत तसें लिहावें, बिलाची रक्कम खोल्यांच्या संख्येनें भागावी, आणि बिल व पावती दोन्ही दारावर लावावीं. तात्यांच्या चाळींत तो वांटा खोलीमागें महिन्यास पन्नास रुपये येतो, दोनशें नव्हे.

प्रामाणिकपणांत पैशाचाहि फायदा आहे, तो सांगतों. खोल्या शेतांत असल्या तरी त्यांचें भाडें हें शेतीचें उत्पन्न नव्हे. आयकराच्या हिशेबांत तें घराचें उत्पन्न. त्या भाड्यांतून मालकानें स्वतः त्या वर्षीं प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, आणि उरलेल्या रकमेंतून आणखी तीस टक्के दुरुस्तीबिरुस्तीबद्दल सूट मिळते. पण भरलेली म्हणजे पावती असलेली. मध्यस्थाच्या हातांत दिलेले नऊ हजार कोणत्याहि हिशेबांत वजा होत नाहींत. शिवाय पंचायतीकडे वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरणाऱ्यास पांच टक्के सूट आहे, ती निराळी.

सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक हीं आपल्या तालुक्याचीं गांवें २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलीं. तेथील बांधवांनीं ध्यानांत ठेवावें कीं महापालिकेची मिळकतकराची रीत वेगळी आहे. तेथें वार्षिक भाडेमूल्यावर आकारणी होते, आणि स्वतः राहणाऱ्या मालकास जी चाळीस टक्के सवलत आहे ती भाड्यानें दिलेल्या घरास नाहीं. राहतें घर व भाड्याचें घर यांची नोंद वेगळी करून घ्यावी. खोटी सवलत पुढें व्याजासह निघते.

आतां करावें काय? पहिलें, दोन पिशव्या करा. एकींत तलाठ्याचे कागद: सातबारा, आठ अ, फेरफार, साऱ्याची पावती. दुसरींत पंचायतीचे: नमुना आठ, नमुना नऊ कची मागणी, नमुना दहाची पावती. दोन आठ एका पिशवींत ठेवूं नका.

दुसरें, वडील वारले असतील तर वारसनोंदीचा अर्ज याच महिन्यांत द्या, आणि त्यांत बहिणींचीं नांवें गाळूं नका. २००५ च्या कायद्यानें मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. गाळलेलें नांव उद्यां कोर्टांत उभें राहतें. पंचायतीच्या नोंदींत घर नवराबायको दोघांच्या नांवें लावावें, असा ग्रामविकास विभागाचा निर्णय २००३ पासून आहे. ज्या घरांत खोल्यांचें भाडें बाई वसूल करिते, त्या घराच्या कागदावर बाईचें नांव नसावें हा कुठला न्याय?

तिसरें, आकारणींत खोली चुकीची मोजली असेल, राहत्या खोलीला धंद्याचा दर लागला असेल, तर मुकाट्यानें भरूं नका आणि मुकाट्यानें थकवूंहि नका. आकारणीची सुधारणा होते तेव्हां यादी लागते. त्या वेळीं लेखी हरकत द्या. तेथें दाद लागली नाहीं तर पौडला पंचायत समितीकडे अपील आहे, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.

चौथें, पैसे भरले कीं ग्रामसभेंत जा आणि विचारा कीं ते कोठें गेले. पंचायतीनें आपल्या उत्पन्नांतून पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठीं व दहा टक्के महिला आणि बालकांसाठीं खर्च करावयाचे असतात. पण विचारण्याचें तोंड त्यालाच, ज्याच्या हातांत पावती आहे. आणि भाडेकरूलाहि ग्रामसभेंत बोलूं द्या; मतदारयादींत नांव असेल तर तो हक्कानें बसेल, नसेल तर तुम्हीं त्याचें गाऱ्हाणें मांडा. पाणी तो याच गांवचें पितो आणि त्याचे पैसे भरतो.

तात्यांनीं गेल्या आठवड्यांत थकबाकी भरली. पावती घेऊन ते शाळेंत दाखवावयास आले, परीक्षेचा निकाल दाखवावा तसे. वारसनोंदीचा अर्ज दिला आहे. धाकट्या बहिणीचें नांव घालण्यावरून घरांत वाद चालूं आहे, तो मिटेल. वहींत 'टॅक्स २००' वर रेघ मारून त्यांनीं ५० लिहिलें. मागचे पैसे परत द्यावे कीं नाहीं, हें त्यांनीं मला विचारलें. मीं सांगितलें, "तात्या, त्याचें उत्तर माझ्या पुस्तकांत नाहीं. जो 'खोली सोड' म्हटल्यावर गप्प बसला, त्याला विचारा."

— एक शिक्षक, मुळशी तालुका